संगणकावरील दरोडेखोर : विद्या आणि वासना

(संगणकीय गुन्हेगारी या विषयावर मालवण येथे विद्यार्थी, व्यापारी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. तट दिसतो, बुरूज दिसतात. पण दरवाजा दिसत नाही. होडी तटाच्या अगदी जवळ जाऊन वळल्यावाचून तो नजरेस पडत नाही. इ.स. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी या दुर्गाचा पाया घातला. शत्रू कोणत्या बाजूने येईल, लांबून त्याला काय दिसेल आणि काय दिसू नये, याचा विचार त्याच्या जागी उभे राहून केल्याखेरीज असा दरवाजा बांधता येत नाही. शेजारी पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट; म्हणजे भिस्त एकाच तटावर ठेवलेली नाही. आणि भोवतीच्या पाण्यात बुडालेल्या खडकांमधून सुरक्षित वाट काढणे हे येथल्या पाण्याची माहिती असलेल्या तांडेलाचेच काम.

हे सारे आज आठवायचे कारण असे, की मालवणच्या माणसाची मिळकत आता केवळ घरातील कपाटात राहिलेली नाही. तारकर्लीच्या निवास-न्याहारीचे आरक्षण, देवगडच्या हापूसच्या पेटीचे पैसे, मुंबईच्या चाकरमान्याने आईसाठी पाठवलेली रक्कम, मासळीच्या लिलावाचा हिशेब, हे सारे भ्रमणध्वनीच्या हातभर अंतरावरील पडद्यावरून ये-जा करते. या नव्या खाडीतही चाचे फिरत आहेत. त्यांना 'हॅकर' म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्यांच्यापाशी विद्या कोणती आणि त्यांच्या मनात वासना कोणती, हे दोन प्रश्न नीट समजून घेतल्याशिवाय पहारा कोठे बसवावा ते कळणार नाही.

शर्विलकाची परंपरा

'हॅकर' हा शब्द जन्मतः शिवी नव्हता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत छोट्या आगगाड्यांची प्रतिकृती चालवणारे विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. एखादी अवघड गोष्ट चातुर्याने जमवून आणली की ती मुले तिला 'हॅक' म्हणत. पुढे तीच मुले संगणकाकडे वळली आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणारा, हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

विद्वान चोर ही कल्पना आपल्याला नवी नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक आठवावा. गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणले. शर्विलक हा शिकलेला ब्राह्मण. भिंतीला भोक कोठे पाडावे, विटा कशा काढाव्यात, याचे त्याच्याजवळ शास्त्र आहे. मोजमापासाठी दोरी विसरली म्हणून तो गळ्यातले जानवे वापरतो. चोरी मात्र तो कशासाठी करतो? मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. विद्या एका प्रकारची आणि तिला हलवणारी इच्छा दुसऱ्याच प्रकारची, हे नाटककाराने फार पूर्वी ओळखले होते. आजच्या संगणक-चोराचा अभ्यास याच दोन अंगांनी करावा लागतो.

चार कौशल्ये

पहिले कौशल्य टेहळणीचे. चित्रपटात हॅकर पाच मिनिटे कळफलक बडवतो आणि तिजोरी उघडते. प्रत्यक्षात तो महिनोन् महिने काहीच करत नाही, फक्त पाहतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर पडलेला दरोडा याचे ठळक उदाहरण आहे. चोरांचा शिरकाव झाला होता आदल्या वर्षी, तोही नोकरीचा अर्ज असल्याचे भासवणाऱ्या ई-मेलमधून. त्यानंतर त्यांनी बँकेची कामाची पद्धत अभ्यासली आणि दिवस निवडला तो दिनदर्शिका पाहून. ४ फेब्रुवारीच्या गुरुवारी रात्री बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला पैसे पाठवण्याचे ३५ आदेश गेले. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला सुट्टी आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिला बंद. बेत सुमारे ९५ कोटी डॉलरचा होता. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलामार्गे हातचे गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर वाचले, ते एका आदेशातील इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकल्यामुळे कोणाला तरी शंका आली म्हणून. इतकी तयारी केलेले चोर शुद्धलेखनात सापडले!

दुसरे कौशल्य माणूस ओळखण्याचे. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरशी संबंधित काही तरुणांनी अमेरिकेतील चार खातेदारांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. त्यांनी कोणतीही प्रणाली फोडली नव्हती. मदत करण्याच्या मिषाने गोड बोलून त्यांनी ग्राहकांकडूनच गुप्त क्रमांक काढून घेतले होते. पैसा पुण्यातील खात्यांत उतरला. ग्राहकांच्या ध्यानात येताच तपास सुरू झाला आणि अटका झाल्या. आज दूरध्वनीवर स्वतःला पोलीस वा न्यायाधीश म्हणवून वृद्धांना 'डिजिटल अटके'ची भीती घालणारे भामटे याच शाळेचे विद्यार्थी आहेत. अशा नावाची अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण भीती, लोभ, घाई आणि वरिष्ठांचा धाक ही चार कुलुपे साऱ्या माणसांच्या मनाला सारखीच असतात, आणि त्यांची किल्ली एकदा बनवली की सगळीकडे चालते.

तिसरे कौशल्य तंत्राचे. संगणकाच्या आज्ञावलीत राहिलेली फट शोधणे हे खरोखर अवघड काम आहे. ते करणारे थोडे असतात. बाकीचे त्यांनी बनवलेले हत्यार विकत घेतात किंवा चोरलेले हत्यार चालवतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे १५० देशांतील संगणक कुलूपबंद केले. त्यात वापरलेले मुख्य हत्यार अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेकडून फुटलेले होते. आणि ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवण्याचा कंटाळा केला, त्यांची दारे उघडी राहिली.

चौथे कौशल्य कामाच्या वाटणीचे, आणि आपल्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. फट शोधणारा एक, विषाणू लिहिणारा दुसरा, आत शिरून दबा धरणारा तिसरा, बनावट कार्डे करणारा चौथा आणि नोटा हातात घेणारा पाचवा. यांतले बहुतेक एकमेकांना ओळखतही नाहीत. ही साखळी महाराष्ट्राच्या भूमीवर कशी फिरली, ते पाहण्यासारखे आहे.

पुण्याचा तोतया

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. देशातील जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, बँकांच्या सुट्टीचा. त्या दिवशी काही तासांत जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून सुमारे १२ हजार व्यवहार होऊन या बँकेच्या नावे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही रूपे कार्डांच्या सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवार, १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय 'स्विफ्ट' यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांचा. आदल्याच दिवशी, म्हणजे १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभर असा एटीएम-दरोडा पडण्याची शक्यता असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता.

हे घडले कसे? आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेला विचारते, या खात्यात एवढे पैसे आहेत काय? बँकेच्या दाराशी एक मध्यस्थ प्रणाली असते. तिला 'स्विच' म्हणतात. ती बाहेरचा प्रश्न आत पोहोचवते आणि आतले उत्तर बाहेर आणते. दरोडेखोरांनी या खऱ्या मध्यस्थाला बाजूस सारून आपला खोटा मध्यस्थ उभा केला. जगभरातून प्रश्न येत राहिले, ते बँकेच्या हिशेबवहीपर्यंत पोहोचलेच नाहीत. हा बनावट मध्यस्थ बाहेरच्या बाहेर 'होय, द्या' असे सांगत राहिला. भाऊसाहेबांच्या तोतयाने पेशवाईला किती घोर लावला, हे मराठी माणसाला ठाऊक आहे. हा संगणकातला तोतया. खातेदारांच्या खात्यांतील शिल्लक शाबूत राहिली आणि फटका बँकेला बसला, याचे कारणही हेच, की खातेवहीला कोणी विचारलेच नव्हते.

संशयाची सुई उत्तर कोरियाकडे वळली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात, उत्तर कोरियाच्या निर्बंध चुकवण्याच्या उद्योगांसंदर्भात, कॉसमॉस बँकेवरील हल्ल्याचा उल्लेख केला. बुद्धी कदाचित हजारो मैलांवरची, पण हात? भारतातील नोटा ज्या शहरांत काढल्या गेल्या, त्यांत मुंबई, इंदूर यांच्याबरोबर आपल्या घाटावरचे कोल्हापूरही होते. कार्ड घालून नोटा मोजून घेणारे लोक येथलेच होते. पुणे पोलिसांनी चित्रीकरण आणि भ्रमणध्वनीच्या नोंदी तपासून त्यांना गाठले आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा दिली. ज्यांनी कट रचला, ते पडद्याआड राहिले. ज्यांनी हमालीच्या दराने काम केले, ते गजाआड गेले.

वासनांची उतरंड

आता दुसरा प्रश्न. माणूस या वाटेला लागतो कशाने?

सुरुवात बहुधा कुतूहलाने होते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने महाजालात एक आपोआप पसरणारी आज्ञावली सोडली. नुकसान करण्याचा हेतू नव्हता असे त्याचे म्हणणे. पण त्या काळच्या छोट्या महाजालातील हजारो संगणक ठप्प झाले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तुरुंगाऐवजी देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. पुढे हाच मॉरिस एमआयटीत प्राध्यापक झाला.

कुतूहलानंतर येते कीर्तीची हाव, आणि तिला पुष्कळदा मतप्रचाराचा मुलामा असतो. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत परदेशी पोरांची एक टोळी शिरली. त्यांतले बरेच जण जेमतेम मिसरूड फुटलेले. त्यांनी ई-मेल पळवले आणि संकेतस्थळावर अणुस्फोटाचे चित्र लावून चाचण्यांचा निषेध नोंदवला. शांततेच्या नावाने दुसऱ्याचे दार फोडण्याचा हा प्रकार होता. ज्या राष्ट्राने नुकतेच आपले सामर्थ्य जगाला दाखवले, त्याच्या दाराची कडी काही परदेशी पोरे घरबसल्या काढू शकली, हा धडा भारतासाठी कटू होता. परंतु उपयोगी होता. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, २००४ साली 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कायद्यातील कलम ६६ खाली संगणकात अनधिकृत शिरकाव करून हानी करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ एफ खाली संगणकीय दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

सूड ही तिसरी प्रेरणा. २००० साली ऑस्ट्रेलियातील मरूची परगण्यात नोकरी नाकारली गेलेल्या एका तंत्रज्ञाने सांडपाण्याची यंत्रणा दुरून बिघडवून सुमारे ८ लाख लिटर मैला ओढ्यांत आणि उद्यानांत सोडला. आतली माहिती असलेला नाराज माणूस काय करू शकतो, याचा तो नमुना. गडाच्या इतिहासात फितुरी म्हणतात ती हीच.

चौथी प्रेरणा पैशाची. तिचे स्पष्टीकरण नको. पाचवी राज्यसत्तेची. चोरी हेच जेथे राजधोरण होते, तेथे चोराला पगार, पद आणि संरक्षण मिळते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीतून सुटला. भांडण रशिया आणि युक्रेनचे. पण जगातील मोठी जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि न्हावाशेवा येथील, म्हणजे आपल्याच कोकण किनाऱ्यावरील, जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबले. २०२० साली अमेरिकेने या प्रकरणी रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. युरोपातील युद्धाची झळ कोकणातील बंदराला लागायला काही तास पुरले.

आणि सहावी प्रेरणा सक्तीची. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची संगणकाची नोकरी, अशी जाहिरात पाहून गेलेले आपले तरुण म्यानमार-कंबोडियातील कुंपणबंद वसाहतींत डांबले जातात. पारपत्र काढून घेतले जाते आणि मारहाणीच्या धाकाने त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारच्या सीमेवरून अशा साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले. कोकणातील मुलगा बोटीवर किंवा आखातात नोकरीला जातो ही आपली जुनी रीत आहे. म्हणून परदेशी नोकरीचे पत्र हाती आले की दलालाची आणि कंपनीची खातरजमा करणे, हे यापुढे घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

समुद्रकाठचा एक मुलगा

इंग्लंडच्या किनाऱ्यावर इल्फ्राकोम्ब नावाचे एक गाव आहे. समुद्रकाठचे, पर्यटकांवर जगणारे, मालवणसारखेच. तेथे आईवडिलांच्या घरी राहणारा मार्कस हचिन्स हा २२ वर्षांचा तरुण संगणक विषाणूंचा अभ्यास करत असे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरत असताना त्याच्या लक्षात आले, की हा विषाणू काम सुरू करण्यापूर्वी एका विचित्र, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पत्त्यावर चौकशी करतो. त्याने दहा-अकरा डॉलर भरून तो पत्ता स्वतःच्या ताब्यात घेतला. पत्ता जागा झाला आणि विषाणूचा फैलाव थांबला. जगाने त्याला डोक्यावर घेतले.

तीन महिन्यांनी अमेरिकेत त्याला अटक झाली. किशोरवयात त्याने बँकांची माहिती चोरणारी 'क्रोनॉस' नावाची आज्ञावली लिहिली होती आणि एका साथीदाराने ती गुन्हेगारांना विकली होती. २०१९ साली त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी जुने पाप आणि नंतरचे पुण्य दोन्ही तराजूत घातले आणि भोगलेली कैद पुरेशी मानून, वर्षभराच्या देखरेखीवर, त्याला सोडले.

शर्विलकही नाटकाच्या उत्तरार्धात चोर राहत नाही. जुलमी राजाच्या कैदेत पडलेल्या आपल्या मित्राला, आर्यकाला, सोडवायला तो धावतो. विद्या तीच, हात तेच. पण सगळ्यांना हचिन्सचे नशीब लाभत नाही. पुण्याच्या खटल्यातील ११ जणांना कोणी डोक्यावर घेतले नाही.

पहारा कोणी करायचा?

मालवणच्या घराघरांत अशी मुले आहेत, ज्यांची बोटे कळफलकावर वडिलांच्या नजरेपेक्षा वेगाने फिरतात. एखाद्या दिवशी त्यांतल्या कोणाला निरोप येतो, 'तुझे बँक खाते आठ दिवस वापरायला दे, हजार-दोन हजार देतो.' हेच ते भाड्याचे खाते. साखळीतील शेवटचा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी सापडणारा दुवा. मुलाला वाटते, आपण चोरी केलीच नाही. कायद्याला तसे वाटत नाही. ही एक गोष्ट आज येथे बसलेल्या प्रत्येक आईवडिलांनी रात्री जेवताना घरात बोलावी.

व्यापारी आणि संस्थाचालकांनी आपल्या तटाची पाहणी करावी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा परवलीचा शब्द अजून चालतो काय? संगणकाच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवल्या जातात काय? मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाची संमती घेतली जाते काय? सलग सुट्ट्यांत हिशेबावर कोणाची नजर असते? गणपतीत आणि शिमग्यात गाव जेव्हा आनंदात असतो, तेव्हा चोर कामात असतो. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात धावत असतो. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर तो वाटेत अडवता येण्याची शक्यता अधिक.

राहिली ती तल्लख मुले. त्यांना केवळ 'भ्रमणध्वनी ठेव आणि अभ्यास कर' म्हणून भागणार नाही. कुतूहलाला वाट लागतेच; चांगली मिळाली नाही तर ते वाईट वाट शोधते. परवानगी घेऊन प्रणालीतील फटी शोधणे आणि त्या मालकाला दाखवून देणे हा आज प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. बँकांना, बंदरांना, वीज मंडळांना आणि सैन्यदलांना अशी माणसे हवी आहेत. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी असा विद्यार्थी हेरावा, त्याला शाबासकी द्यावी आणि मर्यादा कोठे आहे तेही सांगावे. हचिन्सला पंधराव्या वर्षी असा एखादा गुरुजी भेटला असता, तर कदाचित त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

खडकांतून गलबत काढणारा तांडेल शत्रूलाही वाट दाखवू शकला असता. तो स्वराज्याच्या बाजूला उभा राहिला, म्हणून समोरचा दुर्ग उभा राहिला. या नव्या पाण्यातील वाटा जाणणारे तांडेल आपल्या घरांत वाढत आहेत. ते कोणाच्या गलबतावर चढतात, हे पाहण्याची जबाबदारी सर्वप्रथम आपली, त्यांच्या वडीलधाऱ्यांची आहे.